नालबंदाच्या घरातली डर्बी

मोमिनपुऱ्यातल्या आमच्या जुन्या घराच्या चौकटीवर घोड्याची नाल कधीच ठोकलेली नव्हती. घरात नालांचा ढीग असायचा, तरीही. अब्बा नालबंद होते, दादाही नालबंद होते. स्टेशनावरचे, इतवारीतले, सीताबर्डीचे टांगेवाले आमच्याकडेच येत. शनिवारी हमखास कुणी तरी झिजलेली नाल मागायला यायचे. दाराला लावायची, अंगठी करायची, दुकानात टांगायची. अब्बा चहा पाजत, पण नाल देत नसत. "नाल घोड्याच्या पायासाठी असते, माणसाच्या नशिबासाठी नाही. नशीब अल्लाहच्या हातात," एवढेच म्हणत आणि झिजलेल्या नाला भंगारवाल्याला वजनावर विकून टाकत.

फक्त एक नाल अब्बांनी पेटीत जपून ठेवली होती. ती लोखंडाची नव्हती, अ‍ॅल्युमिनियमची होती. हातात घेतली तर वजनच लागत नसे. ती मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरून चाचांनी आणली होती. त्या नालेची गोष्ट मी अनेक वर्षे कुणाला सांगितली नाही. २०२५च्या उन्हाळ्यात ती माझ्या धाकट्या मुलाला सांगावी लागली. घराघरांत आता तोच प्रश्न उभा आहे, म्हणून इथेही लिहिते आहे.

चाचा अब्बांपेक्षा बारा वर्षांनी लहान. टांग्यांचे दिवस भरत आले होते, ऑटोरिक्षा वाढत होत्या. दुकानात दोघांना पुरेल एवढे काम नव्हते. एका ओळखीने चाचा मुंबईला गेले आणि महालक्ष्मीच्या तबेल्यात मोतद्दार म्हणून लागले. पहाटे अंधारात उठायचे, तबेल्यातच फज्र पढायची, मग घोड्याला खरारा करायचा, चंदी द्यायची, खूर साफ करून चारही पाय हाताने चाचपायचे. कुठे गरम लागते का, कुठे सूज आहे का ते पाहायचे. मग घोडा फेरीला. चाचा म्हणत, "घोडा बोलत नाही, पण त्याचा पाय खोटे बोलत नाही."

ईदला चाचा घरी आले की आमच्या अंगणात रात्री मजलिस जमायची. ते सोबत जुनी रेसबुके आणत. आम्हा मुलांना त्यांतली घोड्यांची नावे वाचायला फार आवडायची. दादीला मात्र एकच प्रश्न असायचा, "ही डर्बी डर्बी म्हणतात ती आहे तरी काय?"

आज मला ती गोष्ट पुस्तकांतून, वर्तमानपत्रांतून पडताळून सांगता येते, पण तिची पहिली ओळख चाचांचीच.

डर्बी मूळची इंग्लंडमधली. लंडनजवळच्या एप्सम इथे १७८० साली पहिली धावली. लॉर्ड डर्बी आणि सर चार्ल्स बनबरी या दोघांनी शर्यतीला कुणाचे नाव द्यायचे यासाठी नाणे उडवले आणि डर्बींचे नाव निघाले, अशी गोष्ट सांगतात. नाव डर्बींचे लागले, पण पहिली शर्यत जिंकली ती बनबरींच्या डायोमेड या घोड्याने. सुरुवातीला अंतर एक मैल होते, १७८४पासून ते दीड मैल झाले. पुढे जगभर जिथे जिथे मोठी शर्यत सुरू झाली तिथे तिला 'डर्बी' म्हणू लागले.

या शर्यतींत धावणाऱ्या घोड्यांची जात म्हणजे थरोब्रेड. चाचांनी हे सांगितले की अब्बांचे डोळे चमकत. कारण जगातला प्रत्येक थरोब्रेड बापाच्या बाजूने तीनच घोड्यांपर्यंत जाऊन पोहोचतो, आणि ते तिन्ही इंग्लंडमध्ये पूर्वेकडून गेलेले. एक बायर्ली टर्क, दुसरा डार्ली अरेबियन, तिसरा गोडॉल्फिन अरेबियन. त्यातला डार्ली अरेबियन १७०४ साली टॉमस डार्ली नावाच्या इंग्रजाने शामच्या म्हणजे आजच्या सीरियातल्या हलब शहरातून घेऊन यॉर्कशायरला पाठवला. आजचे बहुतेक थरोब्रेड त्याच एका घोड्याच्या वंशातले आहेत. अब्बा म्हणत, "म्हणजे साहेबाचा घोडासुद्धा आपल्याच गल्लीतून गेला म्हणायचा." आणि अंगण हसायचे.

मुंबईलाही अरबी घोड्यांची मोठी बाजारपेठ होती. बसऱ्याहून, आखाती बंदरांवरून गलबतांनी घोडे यायचे. शर्यती आधी भायखळ्याला व्हायच्या. १८८३ साली महालक्ष्मीचे मैदान उभे राहिले, ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नजवळच्या कॉलफिल्ड मैदानाच्या धर्तीवर. समोरच समुद्रात हाजी अली बाबांची दर्गाह. चाचा सांगत, वारा इकडचा असला की कव्वालीचा आवाज ऐकू येतो.

भारतातली डर्बी तिथेच सुरू झाली, १९४३ साली. चार वर्षांची घोडे-घोड्या, अंतर २४०० मीटर, दरवर्षी साधारण फेब्रुवारीच्या सुरुवातीला. घोडा त्या वयात आयुष्यात एकदाच असतो, म्हणून डर्बीची संधीही एकदाच. यंदा चुकली म्हणजे कायमची चुकली. अडीच मिनिटांच्या आसपास सगळा खेळ आटोपतो. तासाचा हिशेब केला तर ताशी अठ्ठावन्न किलोमीटरच्या जवळपास वेग झाला, तोही पाठीवर माणूस घेऊन.

पहिली डर्बी जिंकली ती घोडी होती. तिचे नाव प्रिन्सेस ब्यूटिफुल. मालक बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड आणि स्वार ऑस्ट्रेलियाचे एडगर ब्रिट. दादीला हे फार आवडायचे. "पहिला नंबर मुलीचाच ना?" असे म्हणून ती आमच्याकडे, तिच्या नातींकडे पाहायची. शाळेच्या फीचा विषय निघाला की ती अब्बांना हाच दाखला द्यायची. मी पुढे शिक्षिका झाले, त्यात त्या घोडीचाही थोडा वाटा आहे असे मी गमतीने म्हणते.

विलायतेच्या डर्बीतही आपल्याकडच्या मालकांनी नाव कमावले. राजपिपळ्याचे महाराज विजयसिंहजी यांच्या विंडसर लॅडने १९३४ची डर्बी जिंकली. कराचीत जन्मलेल्या, इस्माइली समाजाच्या इमाम आगाखान तिसरे यांनी तर ती पाच वेळा जिंकली. १९३०मध्ये ब्लेनहाइम, १९३५मध्ये बहराम, १९३६मध्ये महमूद, १९४८मध्ये माय लव्ह आणि १९५२मध्ये तुल्यार. बहराम आयुष्यात नऊ शर्यती धावला आणि नऊच्या नऊ जिंकला. १९३६ साली तर पहिला महमूद आणि दुसरा ताज अकबर, दोन्ही घोडे त्यांचेच. १९४८लाही पहिला माय लव्ह आणि तिसरा नूर. आणि १९४७च्या जूनमध्ये, आपला देश स्वतंत्र व्हायला दोन महिने राहिले असताना, एप्समच्या फलकावर काय लागले होते? पहिला फ्रान्सचा पर्ल डायव्हर, दुसरा आगाखानांचा मिगोली, तिसरा बडोद्याचा सयाजीराव. एका मराठी राजाच्या नावाचा घोडा डर्बीत तिसरा आला आणि सप्टेंबरमध्ये त्यानेच डॉनकास्टरची सेंट लेजर जिंकली. स्वार पुन्हा एडगर ब्रिटच.

आम्ही भावंडे ही नावे पाढ्यासारखी म्हणायचो. आम्हाला पैशाचे काही माहीत नव्हते. आमच्यासाठी ती घोड्यांची, राजांची आणि समुद्रापलीकडच्या मैदानांची गोष्ट होती.

चाचांच्या तोंडी सर्वांत जास्त नाव असायचे स्क्वॉन्डररचे. १९७७ची इंडियन डर्बी त्याने जिंकली. रशीद बायरामजी त्याचे ट्रेनर. तो घोडा १९ शर्यती धावला आणि त्यातल्या १८ जिंकला. चाचांचा तबेला वेगळा होता, पण ते सकाळी फेरीच्या वेळी त्याला पाहायला कठड्याशी उभे राहायचे. घरी आल्यावर त्याच्या चालीची नक्कल करून दाखवायचे. दादीने एकदा विचारले, "या नावाचा अर्थ काय रे?" चाचांना माहीत नव्हते. मी नुकतीच इंग्रजी शिकू लागले होते, शब्दकोशात पाहून सांगितले, "उधळ्या. पैसा उडवणारा." दादी एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "उधळपट्टी करणाऱ्यांना कुरआनात सैतानाचे भाऊ म्हटले आहे. घोड्याला काय माहीत, नाव ठेवणाऱ्याला तरी कळायला हवे होते." सगळे हसले. चाचा मात्र हसले नाहीत, हे मला आज आठवते.

त्या दिवसांत चाचा पैसे लावू लागले होते.

आधी दोन रुपये, पाच रुपये. तबेल्यात काम करणाऱ्याला वाटते, आपल्याला आतले माहीत आहे. आणि त्यांना खरेच माहीत होते. कुठल्या घोड्याने काल चंदी अर्धी सोडली, कुणाचा पुढचा डावा पाय गरम आहे, कोण पावसाच्या मातीत कचरतो, सारे त्यांना कळायचे. काही वेळा ते जिंकलेही. एका ईदला आमच्या सर्वांसाठी नवे कपडे आले, दादीला शाल आली. अब्बांनी विचारले, "पगार वाढला का?" चाचा म्हणाले, "बक्षीस मिळाले." अब्बांनी पुढे विचारले नाही. आपण विचारायला हवे होते, ही खंत त्यांना शेवटपर्यंत राहिली.

मग शहरातल्या एका गल्लीत बसणाऱ्या बेकायदा बुकीकडे उधारीवर लावणे सुरू झाले. हाताला रोकड लागत नाही म्हणून हिशेबही राहत नाही. हरलेले भरून काढायला दुप्पट लावायचे, तेही गेले की चौपट. मनीऑर्डर बंद झाली. चाचींच्या चार बांगड्या 'गहाण' म्हणून गेल्या, त्या परत आल्या नाहीत. शेवटी एक दिवस दोन अनोळखी माणसे मुंबईहून आमच्या दारात आली. ती फार सभ्यपणे बोलली. अब्बांनी त्यांना पाणी दिले आणि ऐकून घेतले. आकडा ऐकून अम्मी आतल्या खोलीत जाऊन बसली.

टेका नाक्याजवळ अब्बांनी एक छोटा प्लॉट घेतला होता. वीस वर्षे घोड्यांचे पाय मांडीवर घेऊन, कंबर मोडून जमवलेल्या पैशांचा. तिथे दोन खोल्या बांधायच्या, पुढे दुकान काढायचे, असे ठरले होते. तो प्लॉट विकला. आम्ही भाड्याच्या घरात आणखी सतरा वर्षे राहिलो.

अब्बा चाचांना आणायला मुंबईला गेले तेव्हा मला सोबत घेऊन गेले. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची होते. रात्रभराचा गाडीचा प्रवास, सकाळी हाजी अली. दर्ग्याच्या वाटेवरून अब्बांनी मागे वळून हात केला, "ते बघ रेसकोर्स." लांब हिरवे मैदान, पांढरा कठडा आणि कठड्याच्या आत धुक्यातून येणारे तीन घोडे. त्यांच्या टापांचा आवाज रस्त्यावरच्या गाड्यांच्या आवाजात ऐकू येत नव्हता. मी आयुष्यात डर्बी कधी पाहिली नाही. तेवढे तीन घोडे पाहिले. इतके देखणे काही त्याआधी पाहिले नव्हते. अब्बा बराच वेळ पाहत राहिले. म्हणाले, "यात या जनावराचा काय गुन्हा?"

चाचा आले. अब्बांनी त्यांना मारले नाही, बोललेही नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकानात बसवले. एक हातोडी त्यांच्या हातात दिली. टांगे जवळजवळ संपले होते, म्हणून मग दोघे भाऊ बाजाराच्या दिवशी बैलांना पत्र्या ठोकायला आसपासच्या गावांत जाऊ लागले, वरातीच्या घोड्यांचे खूर तासू लागले. चाचांनी अब्बांचे पैसे फेडले का? प्लॉटची किंमत कधीच फिटली नाही, जमिनीचे भाव कुठल्या कुठे गेले. पण दर महिन्याला काही ना काही ते अम्मीच्या हातात ठेवत राहिले. शेवटचे पैसे त्यांनी इंतकालाच्या आदल्या महिन्यात दिले.

आता माझ्या मुलाकडे येते.

२०२५च्या उन्हाळ्यात, आयपीएलच्या दिवसांत, माझ्या मुलीच्या बी.एड.च्या फीसाठी ठेवलेले अडतीस हजार रुपये बँकेतून हळूहळू गेले. कधी पाचशे, कधी दोन हजार. माझ्या खात्याचा मोबाइल धाकटाच सांभाळतो. विचारले तेव्हा आधी नाही म्हणाला, मग रडला, आणि मग वाद घालू लागला. "अम्मी, हा जुगार नाही. यात खेळाडूंचा अभ्यास करावा लागतो. सुप्रीम कोर्टानेच सांगितले आहे की कौशल्याचा खेळ म्हणजे जुगार नाही. घोड्यांच्या रेसच्या खटल्यातच सांगितले आहे."

मला हे माहीत होते. १९९६ साली तामिळनाडूच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला की घोड्यांच्या शर्यतीत निकाल मुख्यतः कौशल्यावर ठरतो, म्हणून तिच्यावर पैसे लावणे कायद्याच्या अर्थाने जुगार ठरत नाही. मुलाची माहिती चुकीची नव्हती. मी पेटीतून ती अ‍ॅल्युमिनियमची नाल काढली, त्याच्या हातात दिली आणि वर लिहिलेली सगळी गोष्ट सांगितली. मग त्याला विचारले, "कौशल्य असते, मान्य. पण कोणाचे? घोड्याचे, स्वाराचे, ट्रेनरचे, मोतद्दाराचे, नाल ठोकणाऱ्याचे. पैसे लावणारा कठड्याबाहेर उभा असतो. तो काय करतो? तुझ्या चाचादादांइतके घोड्याबद्दल कळणारा माणूस त्या गर्दीत कितीसा असेल? ते हरले. तुला त्या क्रिकेटपटूच्या गुडघ्याबद्दल त्यांच्याइतके कळते का?"

तो गप्प होता. मी त्याला वहीत हिशेब करून दाखवला. रेसकोर्सवर अधिकृत पद्धत असते ती टोटची. सगळ्यांचे पैसे एका जागी जमा होतात. त्यातून आधी कर आणि खर्च कापला जातो, उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. समजा पाच जणांनी शंभर-शंभर टाकले आणि कापले गेले शंभर. पाचशे आत गेले, चारशे बाहेर आले. घोडा कुठलाही जिंको, पाच जण मिळून शंभराला हरलेलेच आहेत. एखाद्या दिवशी एक जण हसत घरी जाईल. वर्षभर रोज खेळले तर कोण हसेल? मोबाइलवरच्या खेळातही असेच, प्रवेशाच्या पैशांतून कंपनीचा वाटा आधीच बाजूला पडतो. हा हिशेब सातवीच्या मुलालाही येतो. पण लावताना तो कुणी करत नाही, कारण लावणारा बेरीज करत नसतो, तो स्वप्न पाहत असतो.

आपल्या दीनमध्ये शर्यतीला मनाई नाही, हे मी त्याला मुद्दाम सांगितले. मुलांना प्रत्येक गोष्ट हराम म्हणून सांगितली की ती खऱ्या हरामलाही घाबरत नाहीत. कुरआनातील सूरह आदियातची सुरुवातच धापा टाकत दौडणाऱ्या घोड्यांच्या उल्लेखाने होते. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी स्वतः मदिनेत घोड्यांच्या शर्यती लावल्या. तयार केलेल्या घोड्यांची शर्यत हफयापासून सनिय्यतुल विदापर्यंत, आणि तयार न केलेल्यांची तिथून बनी जुरैकच्या मशिदीपर्यंत. हजरत अब्दुल्लाह इब्ने उमर (रजि.) स्वतः त्यात धावले, असे बुखारी शरीफमध्ये आहे. म्हणजे ताकदीप्रमाणे वेगळे गट, वेगळे अंतर. जनावरावर जुलूम नाही. जिंकणाऱ्याला बक्षीस देण्यासही उलमांनी परवानगी दिली आहे, जर ते शासनाने किंवा तिसऱ्या कुणी दिले असेल. पण दोघांनीही पैसे लावायचे, एकाने हरायचे आणि दुसऱ्याने उचलायचे, हे आले की ते मैसिर झाले. सूरह माइदामध्ये दारूच्या बरोबरीने त्याला मनाई केली आहे आणि त्याचे कारणही सांगितले आहे. त्यातून आपसात वैर येते, आणि अल्लाहची आठवण व नमाज सुटते. आमच्या घरात वैर आले नाही ते अब्बांच्या सबरमुळे. पण चाचांनीच मला एकदा सांगितले होते की त्या तीन वर्षांत त्यांची तबेल्यातली फज्र सुटली होती. प्लॉटपेक्षा त्यांना त्याचे दुःख जास्त होते.

आणखी एक हदीस मला फार आवडते. पैगंबरांची (स.) अदबा नावाची सांडणी होती. तिला कुणी मागे टाकू शकत नसे. एके दिवशी एक बद्दू साध्या उंटावर आला आणि तिच्या पुढे निघून गेला. सहाबांना फार वाईट वाटले. तेव्हा आप (स.) यांनी समजावले की दुनियेतली जी गोष्ट वर चढते तिला कधी तरी खाली आणणे, हा अल्लाहचा नियमच आहे. किती सहज स्वीकारली ती हार! शर्यत अशी असावी. हरल्यावर जिथे माणूस घरी जाऊन शांत झोपू शकतो, ती शर्यत. हरल्यावर जिथे चाचींच्या बांगड्या जातात, ती नव्हे.

"मग हरलेल्या घोड्यांचे काय होते, अम्मी?" मुलाने शेवटी विचारले. त्याचे उत्तरही चाचांनीच एकदा दिले होते. काहींच्या नशिबी हाल येतात, हे खरे. काही स्टडफार्मवर जातात. आणि काहींच्या वाट्याला फार मोठे काम येते. पुण्याचे पूनावाला स्टडफार्म १९४६ सालचे. तिथले निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात, कारण घोड्याच्या रक्तातून लस आणि सीरम तयार होते. तोच धागा पकडून सायरस पूनावाला यांनी १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट काढली. सर्पदंशावरचे औषधही घोड्याच्याच रक्तापासून बनते. घोड्याला थोडे थोडे विष टोचतात, त्याचे शरीर त्याच्याशी लढायला शिकते, आणि ती लढाई बाटलीत भरून आपल्या भंडारा-गोंदियाच्या धानाच्या बांधापर्यंत पोहोचते. चाचा म्हणायचे, "शेवटून पहिला आलेला घोडासुद्धा कुणाच्या तरी बापाला वाचवतो. त्याचे नाव रेसबुकात नसते."

मुलाला शिक्षा काय केली, असे नातेवाइकांनी विचारले. शिक्षा केली नाही. अब्बांनी केले तेच केले. मोबाइलवरून ती सगळी अ‍ॅप त्याच्याच हाताने काढायला लावली, बँकेचे खाते माझ्याकडे घेतले, आणि सुट्टीच्या दिवशी माझ्या भावाच्या दुकानात कामाला बसवले. बहिणीच्या हातात दर महिन्याला दोन हजार ठेवायचे. फी मी सोसायटीतून कर्ज काढून भरली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. मुलाने मला ती बातमी वाचून दाखवली. मी म्हटले, "चांगले झाले. पण कायदा आज आहे, उद्या बदलेल. १९९६ला एक होता, २०२५ला दुसरा आला. आपला कायदा चौदाशे वर्षांपूर्वीच आलेला आहे."

माताभगिनींना एक विनंती. मुलाच्या हातात अचानक पैसे दिसले, नवे बूट आले, आपल्यासाठी शाल आली, तर आनंदात विचारायचे राहून जाऊ देऊ नका. प्रेमाने विचारा, पण विचारा. आणि पैसे गेल्याचे कळले तर त्याला घराबाहेर काढू नका. बाहेर त्याची वाट पाहणारे पुष्कळ असतात, आणि ते फार सभ्यपणे बोलतात.

फेब्रुवारीत डर्बी झाली. पेपरात आतल्या पानावर निकाल होता. मी सवयीने पहिल्या तिघांची नावे वाचली. मुलगा शेजारी बसून भाकरी खात होता. त्याने विचारले, "कोण जिंकले?" मी सांगितले. त्याने मान हलवली, हात धुतले आणि मगरिबला निघून गेला. जाताना बहिणीच्या वहीखाली दोन हजार ठेवून गेला. अकरा हप्ते अजून बाकी आहेत.